जुन्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचे यू-जॉइंट कसे बदलावेत

क्लच सोडताना गाडीखालून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि रिव्हर्स टाकला की तोच पुन्हा येतो. संथ चालवताना चिमणीसारखी बारीक चिवचिव ऐकू येते, ठरावीक वेगाला पायाखालचा पत्रा थरथरतो. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या जुन्या गाडीत ही लक्षणं दिसली, की आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचे) यू-जॉइंट, म्हणजे तिच्या टोकांचे कोनात वळू शकणारे सांधे, तपासावेत.

जॉइंटच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस असतो. त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात बारीक निडल रोलर. गाडी चालताना हे रोलर पूर्ण गोल फिरत नाहीत, काही अंश पुढेमागे होत राहतात. म्हणून ग्रीस संपलं की ते एकाच जागी पोलाद कोरू लागतात. कपाच्या सीलभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आत कोरडं पडलं आहे असं समजा.

खात्री करून घ्या

सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हॅण्डब्रेक ओढा आणि शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे पिळून बघा. मागच्या जॉइंटपाशी शाफ्ट आणि फ्लँज (जिथे जॉइंट बोल्टने जोडलेला असतो ती चकती) दोन्ही एकदम हलले, तर ती डिफरन्शियलची (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीची) मोकळीक. जुन्या गाडीत ती थोडीफार असतेच. फ्लँज जागच्या जागी आणि योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा भाग) मात्र हलतोय, तर जॉइंट गेला. पुढच्या जॉइंटलाही हाच निकष लावा. एकच खराब निघाला तरी दोन्ही बदला. दुसऱ्यानेही तितकाच प्रवास केलेला असतो आणि शाफ्ट काढण्याची मेहनत तीच.

किट घेताना कपाचा व्यास आणि क्रॉसची कप बसवलेली एकूण लांबी मोजून घ्या. सर्कलिप (कप जागेवर अडकवणारी स्प्रिंगची कडी) कपाच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, तेही बघा. काही शाफ्टांत सर्कलिप नसतेच, योकची कडा ठोकून कप अडकवलेले असतात. असा शाफ्ट या पद्धतीने उघडू नका, तो शाफ्टचं काम करणाऱ्या वर्कशॉपकडे द्या.

शाफ्ट उतरवणं

बोल्टपर्यंत पोचायला शाफ्ट फिरवावा लागतो, म्हणून मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जाऊ नका. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच, कारण शाफ्ट निघाल्यावर गिअरमध्ये टाकलेली गाडीही अडत नाही. काही गाड्यांत तर हॅण्डब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच असतो. तिथे शाफ्टबरोबर तोही निकामी होतो.

पान्हा लावण्याआधी खुणा करा, आणि या कामात आळस नको. एकटा यू-जॉइंट कोनात फिरताना पुढच्या टोकाला सारखा वेग देत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक साधारण दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे इतका होतो. दुसरा जॉइंट ही चढउतार खोडून काढतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असतील तरच. मधला सरकता सांधा उघडून स्प्लाइनचा (दोन भाग एकमेकांत अडकवणाऱ्या उभ्या दात्यांचा) एक दात जरी चुकवून बसवला, तरी नवेकोरे जॉइंट घालून गाडी आधीपेक्षा जास्त थरथरेल. म्हणून फ्लँज आणि योकच्या जोड्यांवर, तसंच सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर सेंटर पंचने ठिपके मारा. नुसता रंग सफाई करताना पुसला जातो.

नट सोडून शाफ्ट खाली घ्या. तो थेट गिअरबॉक्समध्ये शिरणारा असेल, तर मागून तेल सांडेल. तोंडावर पिशवी घट्ट बांधा.

जुना क्रॉस काढणं

गंज खाणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर सकाळचा बराच राग वाचतो. सर्कलिपच्या खाचा खरवडून साफ करा. कपाच्या डोक्यावर हलका ठोका दिला की कप जरा आत जातो, सर्कलिपवरचा दाब सुटतो आणि ती पक्कडीने निघते. डोळ्यांवर चष्मा असू द्या, सर्कलिप उडते.

आता व्हाइस (बाकाला बसवलेला शिकंजा) आणि पान्ह्याची दोन सॉकेट घ्या. एक कपापेक्षा किंचित लहान, दुसरं कप आत मावेल इतकं मोठं. लहान सॉकेट एका कपावर, मोठं समोरच्या बाजूला योकवर धरून व्हाइस आवळा. समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये सरकेल. तो पक्कडीने ओढून काढा, मग उलट बाजूने हेच. हातोडीनेही हे होतं आणि अनेक जण तसंच करतात, पण त्यात योकचे कान वाकायची भीती असते. शाफ्टची नळी मात्र कधीही व्हाइसमध्ये आवळू नका. ती पातळ असते, चेपली की शाफ्ट गेला.

योकची भोकं साफ करून कडेचे कंगोरे घासून टाका. नवा कप बोटाने सहज आत जात असेल, तर भोक झिजलं आहे. तिथे नवा क्रॉस टिकणार नाही, योकच बदलावा लागेल.

नवा क्रॉस बसवणं

कामाचा कस लागतो तो इथे. नव्या क्रॉसचे कप हळूच काढा आणि प्रत्येकात निडल कडेला ओळीने उभे आहेत का बघा. ते ग्रीसच्या चिकटपणावरच टिकलेले असतात. एक जरी तळाशी आडवा पडला, तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्कलिप खाचेत बसत नाही. अशा वेळी आणखी जोर लावू नका, कप बाहेर काढून बघा.

ग्रीस निपल असेल तर त्याचं तोंड फ्लँजकडे न ठेवता शाफ्टच्या नळीकडे ठेवा आणि ग्रीसगन पोचेल याची खात्री करा. एक कप योकमध्ये थोडा आत ढकला, क्रॉस घाला आणि त्याचं टोक त्या कपात सरकवून धरा, म्हणजे निडल हलणार नाहीत. समोरचा कप लावा, व्हाइसने दोन्ही सरळ रेषेत हळूहळू दाबा. मधूनमधून क्रॉस हलवून बघा. अडकला तर तिथेच थांबा. शेवटी लहान सॉकेटने खाच दिसेपर्यंत दाबून सर्कलिप बसवा.

चारही झाल्यावर जॉइंट जड वाटला, तर योकच्या कानांवर मऊ हातोडीने हलके ठोके द्या. कप सर्कलिपला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. तो दोन्ही दिशांना कुठेही न अडखळता हलला पाहिजे. मग चारही सीलमधून डोकावेपर्यंत ग्रीस भरा. एखाद्यातून येत नसेल तर जॉइंट हलवून पुन्हा पंप करा.

परत चढवणं

ठिपके जुळवून शाफ्ट लावा. लॉकनट नवे वापरा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. गिअरबॉक्सचं तेल सांडलं असेल तर भरा. आधी संथ चालवून आवाज ऐका, मग वेग वाढवा. परत आल्यावर बोल्ट एकदा तपासा. आधी नसलेली थरथर आता आली, तर खुणा आणि सर्कलिप पुन्हा बघा. सगळं जागेवर असेल तर मागची फ्लँज सोडून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लावून पाहा, आणि तरीही फरक पडला नाही तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.