यंदाची मंडई कचऱ्याविना कशी भरवावी

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडयांचा म्हणजे गावजत्रांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाजार आणि दंडारीचा लोकनाच, रात्री खडी गंमत हा तमाशासारखा खेळ नाहीतर गडचिरोलीतल्या वडशाहून बोलावलेल्या कंपनीचं नाटक. पहाटे पडदा पडला की मैदानात प्लास्टिकचे पेले, पाण्याचे पाऊच आणि चकचकीत ताटल्या पसरलेल्या असतात. वारा सुटला की त्यातलं बरंच धानाच्या बांधीत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावात जातं, उरलेलं गुरं खातात. सकाळी पोरांच्या हाती झाडू देऊन हे सुटत नाही. ते सुटतं मंडळाच्या बैठकीत, कंपनीला सुपारी देताना, म्हणजे नाटक ठरवताना. म्हणून दोन महिने आधी कामाला लागा.

तारीख शेजाऱ्यांशी बोलून धरा. संगीत-नाटकाच्या उत्सवात बहुतेकदा सगळ्यात जास्त इंधन प्रेक्षकांच्या येण्याजाण्यात जळतं. त्यात नाटक कंपनीच्या गाड्या वेगळ्या. एकाच पट्ट्यातल्या तीन-चार गावांनी लागोपाठच्या रात्री घेतल्या, तर कंपनीचे हेलपाटे वाचतात आणि सुपारीत घासाघीस करायलाही जागा मिळते. प्रेक्षकांसाठी एसटी आगाराकडे जादा गाडीचा अर्ज आधीच द्या. आपलं नाटक उजाडेपर्यंत चालतं ही मोठी सोय आहे. जंगलाच्या रस्त्याने रात्री एकेकट्या मोटारसायकली काढण्यापेक्षा सकाळी सगळे मिळून एका गाडीने परततात.

लाईटवाल्याकडून वॅटचा हिशोब कागदावर घ्या. रंगमंचावरचा जुना हॅलोजनचा पार लाईट 1000 वॅटचा असतो, एलईडीचा साधारण 200 वॅटच्या आत. म्हणजे बारा लाईटांचे 12 किलोवॅट अडीचच्या आत येतात. मग महावितरणची तात्पुरती जोडणी पुरते का ते बघा आणि जनरेटर फक्त वीज गेली तर चालवा. तोही लोडाच्या मापाचा आणा. मोठा जनरेटर कमी लोडवर फिरवला तर मिळणाऱ्या विजेच्या मानाने डिझेल जास्त जातं, आणि लिटरभर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाईटचे आणि भोंग्यांचे तोंड जंगलाकडे नको. रात्री 10 नंतरच्या आवाजाची परवानगी मात्र आधीच मार्गी लावा.

पाणी आणि ताटं. सगळ्यात जास्त जीव इथे लावा, कारण कचऱ्याचा ढीग इथूनच होतो. इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाने 2019 पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांतल्या पाण्याची विक्रीच बंद केली. तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं जमतात. आपल्याला तर रांजण, ओगराळं आणि स्टीलचे गिलास पुरेत. गावच्या बचत गटाकडे भांडी भाड्याने देण्याचं काम सोपवा. चहाच्या गिलासावर 20 रुपये अनामत ठेवली की गिलास आपोआप परत येतो. धुण्यासाठी तीन टप मांडा: पहिल्यात खरकटं सुटतं, दुसऱ्यात राख किंवा साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडा.

जेवणावळीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या, हाताने टाचलेले. आयत्या वेळी बाजारात धावलं तर प्लास्टिकच हाती येतं, म्हणून मागणी महिनाभर आधी नोंदवा. मशीनवर दाबलेली पत्रावळ घेत असाल तर एक उलटी करून बघा, काहींच्या खाली प्लास्टिकचा पापुद्रा असतो. कागदी पेल्याचंही तेच. पाण्यात भिजत ठेवून फाडा, आतून पातळ पारदर्शक पदर सोलून येतो. असा माल घेऊ नका. दुकानदारांना जागा देतानाच हे लिहून घ्या आणि ठाम राहा, कायदाही तुमच्या बाजूने आहे: थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंद आहेत.

मंडपाला बांबू वापरा. अरुणाचलात 2012 पासून भरणाऱ्या झिरो महोत्सवाचे रंगमंच बांबूचे असतात. बांबूत तर आपलाही भाग श्रीमंत आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्कातून बांबूवरचा अधिकार मिळवला आणि 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. अशा ग्रामसभेकडून बांबू घ्या, कमानीचं काम गावच्या बुरडांना द्या, म्हणजे मजुरी गावातच राहील. फ्लेक्सऐवजी रंगवलेलं कापड लावा आणि त्यावर सन लिहू नका, पुढेही कामी येईल. बसायला तणस (धानाचा पेंढा) अंथरा, पण विडी-काडी आणि चुलीपासून लांब.

उरलेल्याचं खत करा. पत्रावळी, खरकटं आणि तुडवलेलं तणस यांना नॅडेपची टाकी उत्तम. ही पद्धत आपल्याच पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिली. विटांची, साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकी बांधा, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवा. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), त्यावर माती, असं भरत न्या. पूर्ण टाकीला 90 ते 100 किलो शेण लागतं. वरून शेणमातीने लिंपा, भेगा पडल्या की पुन्हा लिंपा आणि ओल टिकवा. दिवाळीनंतर भरलेली टाकी साधारण चार महिन्यांत तयार होते. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने त्या खताचा लिलाव केला, तर पुढच्या मंडईच्या पत्रावळींचा थोडा खर्च त्यातून निघेल.