सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही, दोघांच्या आवाजाचं त्रांगडं कसं सोडवायचं

आमच्याकडे बाबांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आवाज वाढव, अजून वाढव हे चालूच असायचं. एकदा मी बघितलं तर ते बॉक्सचा रिमोट धरून सारखं प्लसचं बटण दाबतायत, स्क्रीनवर खाली हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरलेली, आणि आवाज मात्र तसाच खोल विहिरीतून आल्यासारखा. मी टीव्हीचा रिमोट शोधून काढला, तो सोफ्याच्या फटीत होता, आणि टीव्हीचा आवाज बघितला तर ९. शंभरापैकी ९! तो कुणीतरी दुपारी बाळ झोपलं म्हणून कमी केलेला आणि नंतर वाढवायचं राहून गेलेलं. बिचारे बाबा चार दिवस बातम्या ओठांवरून वाचत होते आणि आम्हाला वाटत होतं त्यांचं ऐकू येणं अजून कमी झालं. त्या दिवसापासून मी हे सगळं नीट समजून घेतलं, आणि हा प्रॉब्लेम घरोघरी आहे म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तर पहिली गोष्ट ही की आवाजाचे नळ दोन आहेत. एक बॉक्समध्ये, एक टीव्हीत. आवाज आधी बॉक्समधून निघतो, तिथे जेवढा सोडला तेवढाच टीव्हीकडे जातो, आणि मग टीव्ही त्याला मोठा करतो. मागचा नळ बारीक असेल तर पुढचा कितीही उघडा, धार बारीकच. म्हणून आधी हे ओळखायचं की आत्ता स्क्रीनवर दिसणारी पट्टी कोणाची आहे. टीव्हीच्या अंगावर, मागे किंवा खाली, स्वतःची बटणं असतात, त्यातलं आवाजाचं दाबा, जी पट्टी येईल ती टीव्हीची. दुसरा सोपा उपाय, टीव्हीचा सोर्स बदलून जिथे काहीच जोडलेलं नाही तिथे न्या, काळी किंवा निळी स्क्रीन येईल, आता बॉक्सच्या रिमोटवर आवाज वाढवा. तरीही पट्टी आली तर तो रिमोट टीव्हीला चालवतोय, नाही आली तर बॉक्सला. कारण बॉक्सची पट्टी ही बॉक्सच्या चित्रातच काढलेली असते, चित्रच नसेल तर ती दिसणार कुठे.

हे कळलं की अर्धं काम झालं. आता सेटिंग कसं ठेवायचं? माझं ठाम मत आहे की बॉक्सचा आवाज एकदाच वर नेऊन ठेवायचा आणि परत त्याला हात लावायचा नाही, रोजचं कमीजास्त फक्त टीव्हीवरून. बरेच जण उलटं करतात, टीव्ही ८० वर ठेवून देतात आणि बॉक्सवरून कमीजास्त करतात, एकच रिमोट हातात राहतो म्हणून. पण त्यात दोन तोटे आहेत. बॉक्सकडून येणारा आवाज बारीक असला की टीव्ही त्याच्याबरोबर मागची खरखर पण मोठी करतो, शांत सीन चालू असताना मागे सतत सुं असा आवाज येतो तो हाच. आणि दुसरा तोटा म्हणजे, टीव्ही ८० वर असताना कुणी पेनड्राईव्ह लावला किंवा मोबाईलवरून काही टीव्हीवर टाकलं की एकदम दणका बसतो, कारण त्या सोर्सला बॉक्सचा नळ नाहीच. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा दणका खरंच वाईट.

बॉक्स एचडीएमआय वायरने जोडलेला असेल तर त्याचा आवाज पूर्ण वर ठेवा, बहुतेक बॉक्समध्ये पूर्ण म्हणजे चॅनेलकडून आला तसाच, वाढवलेला नाही. पण पिवळी पांढरी लाल अशी तीन पिनवाली जुनी एव्ही वायर असेल तर पूर्णवर काही टीव्हींमध्ये आवाज फाटतो, मोठ्याने बोललं की घरघरल्यासारखं होतं, तसं झालं तर बॉक्स दोन तीन घरं खाली आणा आणि तिथेच सोडा. त्या वायरीत पिवळी चित्राची, पांढरी डावीकडच्या आवाजाची, लाल उजवीकडच्या. एका बाजूनेच आवाज येत असेल तर टीव्हीच्या टोकाला पांढरी आणि लाल आपसात बदलून बघा, गप्प बाजू बदलली तर पिन, वायर किंवा बॉक्स, नाही बदलली तर टीव्ही. आणि एक लक्षात ठेवा, बॉक्सच्या बाजूला एकच बारीक हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली वायर असेल तर ती त्याच बॉक्सबरोबर आलेली वापरा. दिसायला सगळ्या सारख्या, पण आतली जोडणी कंपनीनुसार वेगळी असू शकते, तशी चुकीची लावली की आवाजाच्या जागी चित्राचा सिग्नल जातो आणि नुसती भुणभुण ऐकू येते.

आता सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा प्रकार. बॉक्सचा रिमोट दाबला, बॉक्सचीच पट्टी आली, ती हलते पण आहे, पण आवाजात काडीचा फरक नाही, किंवा काही चॅनेलवर फरक पडतो आणि काहींवर नाही. लोक रिमोट बदलतात, बॉक्स बदलायला सांगतात, आणि दोष कशाचाच नसतो. होतं असं की बॉक्सच्या मेनूत ऑडिओ आउटपुट नावाचं सेटिंग असतं, त्यात पीसीएम किंवा स्टिरिओ असा एक पर्याय, आणि डॉल्बी, ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू असा दुसरा. पीसीएमवर असेल तर बॉक्स स्वतः आवाज उलगडतो आणि टीव्हीला तयार आवाज देतो, म्हणून त्याला तो कमीजास्त करता येतो. दुसऱ्या पर्यायात बॉक्स आवाजाचं बंद पाकीट तसंच पुढे ढकलतो, उघडतच नाही, आणि न उघडता आतला आवाज कमी कसा करणार? ज्या चॅनेलचा आवाज डॉल्बीत येतो तिथे म्हणूनच पट्टी नुसती नाचते. इलाज काय तर मेनूत जाऊन पीसीएम करा. नुसता टीव्हीचाच स्पीकर वापरत असाल तर पीसीएम केल्याने सहसा काही बिघडत नाही. वेगळी ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा डबा असलेली, होम थिएटर सिस्टीम असेल तर मात्र डॉल्बीच राहू द्या आणि आवाज सिस्टीमच्या रिमोटवरून करा. काही ठराविक चॅनेलना चित्र आहे पण आवाज अजिबात नाही, असं असेल तरी आधी हेच सेटिंग बघा, टीव्हीला ते पाकीट उघडता येत नसेल तर तो गप्प बसतो. त्याच्याबरोबर रिमोटवरचं ऑडिओ किंवा भाषेचं बटण पण दाबून बघा, कधीकधी चुकून रिकामा ट्रॅक निवडलेला असतो. म्यूट सुद्धा दोन असतात हं, बॉक्सचं वेगळं आणि टीव्हीचं वेगळं.

रिमोटकडे येऊ. खूप बॉक्सच्या रिमोटवर एका कोपऱ्यात चौकट काढून चार पाच बटणं दिलेली असतात, टीव्ही चालूबंद, आवाज, सोर्स वगैरे, आणि ती सुरुवातीला काहीच करत नाहीत. लोकांना वाटतं बिघडलीत. ती शिकवायची असतात. बहुतेक रिमोटमध्ये पद्धत अशी: सेटचं बटण लाल लाईट स्थिर लागेपर्यंत दाबून धरायचं, मग त्या चौकटीतलं आवाज वाढवायचं बटण एकदा दाबायचं, लाईट लुकलुकायला लागते, आता टीव्हीचा मूळ रिमोट समोरासमोर, नाकाला नाक, दोन तीन बोटांचं अंतर ठेवून टेबलावर ठेवायचा आणि त्याचं आवाज वाढवायचं बटण दाबायचं. लाईट परत स्थिर झाली की शिकलं. असंच कमी करायचं, म्यूटचं, आणि शेवटी सेट दाबून बाहेर. हे करताना हात हलू देऊ नका, आणि खिडकीतून थेट ऊन किंवा वर ट्यूबलाईट असेल तर जागा बदला, नाहीतर अर्धवट शिकतो आणि मग बटण कधी चालतं कधी नाही. दोन्ही रिमोटमध्ये ताजे सेल घाला.

रिमोट मुळात काही सोडतोय का हे बघायला मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबून धरा. रिमोटचा किरण डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच बहुतेक वेळा असते म्हणून सेल्फीचाच वापरा. सगळ्या बटणांना ठिपका येतो आणि फक्त आवाजाच्या बटणाला नाही, तर बटण झिजलंय. आवाजाचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं त्यामुळे आधी तेच जातं. आमचा रिमोट मी उघडला होता, कडेने जुनं एटीएम कार्ड घालून हळूहळू फट वाढवत गेलो, आत रबराच्या चादरीवर प्रत्येक बटणाखाली काळी टिकली असते, आवाजाच्या टिकल्यांवर तेलकट चिकट थर साचलेला आणि खाली सर्किटवर पण. कापसाला थोडं स्पिरिट लावून दोन्हीकडे पुसलं, पूर्ण वाळू दिलं, बंद केलं, मस्त चालायला लागलं. पाणी मात्र लावू नका.

मात्र काही रिमोट वेगळ्या किरणाचे, म्हणजे ब्लूटूथचे असतात, बॉक्स लपलेला असला तरी चालणारे, त्यात हा ठिपका फक्त टीव्हीच्या बटणांना दिसेल किंवा दिसणारच नाही. ते चालेनासे झाले तर त्यांचं पेअरिंग, म्हणजे बॉक्सशी जोडणी, परत करावं लागतं.

आवाज आपोआप वाढतोय किंवा कमी होतोय असं झालं तर घाबरू नका, आधी घरातल्या सगळ्या रिमोटचे सेल काढा. एखादा रिमोट गादीखाली दाबला गेलेला असतो किंवा बटण आत रुतलेलं असतं. तरीही चालूच राहिलं तर बहुधा टीव्हीच्या अंगावरचं बटण अडकलंय, दमट हवेत हे फार होतं.

साउंडबार असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. टीव्हीच्या एचडीएमआय वायरीतूनच एक उपकरण दुसऱ्याला हुकूम देऊ शकतं, याला सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमप्लिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज हलायला हे चालू हवं, आणि वायर टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून साउंडबारकडे पाठवायची सोय) लिहिलंय तिथेच हवी, शेजारच्यात नाही. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्याआधीच्या टीव्हीत शोधू नका. काल चालत होतं आणि आज बंद झालं तर टीव्ही, बॉक्स, साउंडबार तिघांचे प्लग भिंतीतून काढा, रिमोटने बंद करणं पुरत नाही, पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा मग बाकीचे. ऑप्टिकल वायरीने साउंडबार जोडला असेल तर टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज सहसा कमीजास्त होत नाही, तो साउंडबारच्या रिमोटवरूनच. आणि टीव्हीवर आवाजाची पट्टीच येत नाही किंवा स्पीकरवर फुली दिसते, तेव्हा साउंड आउटपुटमध्ये बाहेरचा स्पीकर किंवा ब्लूटूथ निवडलेलं असतं, ते टीव्ही स्पीकरवर आणा. कुठून हॉटेलमधला जुना टीव्ही घेतला असेल आणि आवाज ठराविक आकड्याच्या पुढे जातच नसेल तर त्यात हॉटेल मोड चालू आहे.

राहिला चॅनेल बदलला की किंवा जाहिरात लागली की आवाज उसळतो तो प्रकार. हा तुमच्या बॉक्सचा दोष नाही. जाहिरातीत कुजबुज, शांतता असं काही ठेवतच नाहीत, सगळं एकसारखं वर दाबून बसवतात, म्हणून सर्वात मोठा आवाज मालिकेइतकाच असला तरी कानाला जाहिरात जास्त लागते. युरोपातल्या प्रक्षेपकांनी २०१० मध्ये यासाठी आर १२८ नावाचं मोजमाप ठरवलं, अमेरिकेत त्याच वर्षी कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला, म्हणजे त्रास जगभर आहे. घरी करता येण्यासारखं एवढंच की टीव्हीच्या साउंड मेनूत ऑटो व्हॉल्यूम किंवा व्हॉल्यूम लेव्हलर, आणि बॉक्समध्ये असेल तर नाईट मोड चालू करा. त्याने मोठे आवाज खाली येतात आणि बारीक वर. गाण्याच्या कार्यक्रमाला त्याची मजा जाते, तेव्हा बंद करा. सिनेमात म्युझिक धडाधड आणि बोलणं ऐकू येत नाही तर ऑडिओच्या बटणाने ५.१ ऐवजी स्टिरिओ ट्रॅक आहे का बघा, आणि टीव्हीत क्लिअर व्हॉइस नावाचं काही असेल तर ते लावा, वयस्कर माणसांना याचा फार उपयोग होतो.

सतत घूंऽऽ असा जाड आवाज येत असेल, बॉक्सचा आवाज शून्य केला तरी, तर बॉक्सच्या मागची डिश किंवा केबलची गोल वायर क्षणभर काढून बघा. घूं थांबली तर दोष त्या वायरीच्या अर्थिंगचा, टीव्हीचा नाही.

एवढं सगळं करूनही नाही जमलं तर बॉक्स दुसऱ्या टीव्हीला आणि तुमच्या टीव्हीला दुसरं काहीतरी जोडून बघा, दोष जिकडे जाईल तो गुन्हेगार. बॉक्स फॅक्टरी रिसेट शेवटी करा, आवडीच्या चॅनेलची यादी आणि लॉक पुसले जातात, आधी फोटो काढून ठेवा.

आमच्याकडे आता बॉक्स पूर्णवर आहे, बाबांच्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवलाय, आणि त्या दोन बटणांवर आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. अंधारात सुद्धा अंगठ्याला तो उंचवटा लागतो.