आधी गच्ची, रंग सगळ्यात शेवटी

घराच्या दुरुस्तीला पैसे मोजकेच असतील तर आधी गळती थांबवा, मग वायरिंग; किचन ट्रॉली आणि रंग नंतर. नाशकात गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच उरका. पाऊस लागला की स्लॅब वाळत नाही आणि ओल्या स्लॅबवरचं कोटिंग फुगून सुटतं.

गळती कुठून होते ते आधी शोधा. गच्चीवरच्या पाइपांची तोंडं कापड कोंबून बंद करा, दीड-दोन इंच पाणी 24 ते 48 तास साठवा आणि खाली छतावर ओल उमटेल तिथे पेन्सिलीने आखा. (जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या लाकूड-मातीच्या धाब्यावर हे अजिबात करू नका, वजन पेलणार नाही.) बऱ्याचदा कठड्यालगतचा वाटा (गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला सिमेंटचा गोलसर उतार) तडकलेला असतो किंवा पाइपच्या तोंडाभोवती फट असते. तेवढाच भाग खरवडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरा, वाळल्यावर पुन्हा पाणी साठवून बघा. अख्खा कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) उकरायचा खर्च अनेकदा इथेच वाचतो.

वायरिंग पूर्ण बदलणं जमत नसेल तर निदान अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावू नका, पोपडे धरतात.