दमा आटोक्यात ठेवून साथीच्या सर्दी-तापाला सामोरे कसे जावे

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीनंतर आणि पुन्हा पहिल्या पावसाबरोबर सोलापुरात घरोघरी सर्दी-खोकला सुरू होतो. बहुतेकांचा तो आठवडाभरात बरा होतो. परंतु ज्यांचा दमा आटोक्यात नाही, त्यांना हीच सर्दी रुग्णालयापर्यंत नेऊ शकते. त्यांच्या श्वासनलिकांना आतून बारमाही सूज असते. विषाणूमुळे ती सूज वाढते, चिकट कफ साठतो आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी आवळली जाते. करोनाच्या काळात स्कॉटलंडमध्ये झालेल्या अभ्यासांतही, आधीच्या दोन वर्षांत दम्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागलेल्या रुग्णांना गंभीर आजाराचा धोका अधिक असल्याचे दिसले. तयारी करायची ती सर्दी होण्यापूर्वीच.

प्रथम मागील चार आठवडे आठवावेत. दिवसा धाप किंवा छातीत घरघर आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाली का, रात्री खोकल्याने जाग आली का, तात्काळ आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा वापरावा लागला का, आणि जिना चढणे किंवा नेहमीचे काम जड गेले का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दमा पूर्ण आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. यंत्रमागाजवळ उभे राहणाऱ्यांना सुताच्या तुसाची आणि विडी वळणाऱ्या महिलांना तंबाखूच्या भुकटीची इतकी सवय झालेली असते की, रोजचा खोकला त्यांना आजार वाटतच नाही. डॉक्टरांना आपले काम नेमके कोणते आहे, हे अवश्य सांगावे.

आराम देणारा पंप श्वासनलिका काही तासांपुरत्या मोकळ्या करतो, सूज मात्र उतरवत नाही. सूज उतरते ती श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडच्या पंपाने, आणि तोही रोज नियमित घेतल्यानेच. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने बरे वाटताच तो बंद करणारे अनेक जण आहेत, आणि माझ्या मते याइतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही गैरसमजाने होत नाही. या पंपातील स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, तर गोळीतील मिलिग्रॅममध्ये. वारंवार गोळ्या घ्याव्या लागण्यापेक्षा रोजचा पंप कितीतरी सौम्य आहे.

औषध चांगले असूनही घेण्याची पद्धत चुकली, तर ते घशातच राहते. दाबाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून वापरावा: पंप नीट हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडातील नळीभोवती ओठ घट्ट मिटावेत, एकदाच दाबून सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहापर्यंत आकडे मोजून तो रोखावा. दुसरी मात्रा अर्ध्या ते एक मिनिटाने घ्यावी. कॅप्सूलचा पंप असेल, तर श्वास सावकाश नव्हे, जोराने ओढावा. नंतर कॅप्सूल उजेडात धरून पाहावी आणि आत भुकटी दिसल्यास पुन्हा ओढावे. स्टिरॉइडच्या प्रत्येक वापरानंतर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही. नव्या पंपावर सुरू केल्याची तारीख लिहावी. १२० मात्रांचा पंप दिवसाला चार मात्रांनी महिन्यात संपतो, हलवल्यावर आतून आवाज येत असला तरीही.

फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी टोचून घ्यावी, कारण संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्यांनी तर हा हिशेब जरूर धरावा. लस घेतानाच, त्रास वाढला तर कोणते औषध किती वाढवायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

सर्दी सुरू झाली की रोजचा पंप मुळीच बंद करू नये आणि त्या कागदाप्रमाणे वागावे. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने काही दमेकऱ्यांची धाप वाढते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्या मागच्या वेळच्या चिठ्ठीवर दुकानातून परस्पर आणू नयेत.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जात असतील, ओठ निळसर पडले असतील, गुंगी येत असेल किंवा आराम देणाऱ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा. रुग्णाला आडवे न करता बसवून ठेवावे, रुग्णवाहिका येईपर्यंत आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक मात्रा करून, मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबत, दहा मात्रांपर्यंत द्यावा, आणि सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात निघताना सर्व पंप व तो कागद पिशवीत घ्यावा.