पिणाऱ्या कवीला संमेलनाला बोलावताना

बेळगाव भागातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, कुठल्याही साहित्य संमेलनाची पत्रिका बघा. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, जेवण आणि सगळ्यात शेवटी कविसंमेलन. पिणाऱ्या कवीला हा क्रम घातक. सकाळी नऊला आणून बसवलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत काम नसतं आणि 'सर, जरा बाहेर जाऊन येऊ' म्हणणारे चिक्कार असतात. त्याला जेवणाआधीच्या सत्रात पाऊण तास द्या. बाकीचे कवी रुसतील, रुसू देत.

वेल्सचा पिणारा इंग्रजी कवी डिलन थॉमस, त्याचा पहिला अमेरिका दौरा फेब्रुवारी १९५०चा. न्यूयॉर्कच्या पोएट्री सेंटरच्या जॉन माल्कम ब्रिनिनने तो आखला. तीन-एक महिन्यांत सुमारे चाळीस ठिकाणी वाचन. वाचन बहुधा रंगायचं, घात व्हायचा तो नंतरच्या पार्टीत. ब्रिनिन त्याचा मित्रही होता आणि २५ टक्के घेणारा व्यवस्थापकही. 'बास आता, घरी जा' हे मित्राने सांगायचं, पण पुढच्या तारखा त्याच मित्राने घेतलेल्या! म्हणून मानधनाचं बोलणारा एक आणि सोबत राहणारा दुसरा, असं ठेवा. सोबती न पिणारा हवा, आणि त्याला कवितेचं वेड नसलेलंच बरं. पहिली बाटली चाहतेच आणतात.

मुक्कामाला लॉजपेक्षा वडीलधारी माणसं असलेलं घर बघा. रात्री आधी जेवण, मग गप्पा. व्यासपीठावर शाल-श्रीफळ द्या, मानधन नंतर खात्यावर टाका, परतीचं तिकीट मात्र आधीच काढा. पाहुणा गोव्याहून चोर्ला घाटाने येत असेल तर बाटल्या आणू नका, असं स्पष्ट सांगा. कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीवाले गाडी तपासतात.

दारू एकदम तोडू मात्र नका. रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक बंद झाली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, आणि पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते. खोलीला बाहेरून कडी घालणारे उत्साही कार्यकर्ते इथेच घोळ घालतात. तशी लक्षणं दिसली तर डॉक्टर गाठा, आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नका. नोव्हेंबर १९५३मध्ये थॉमसला न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात डॉक्टरने अर्धा ग्रेन (सुमारे ३० मिलिग्रॅम) मॉर्फिन टोचलं. मॉर्फिनने श्वास मंदावतो, आणि त्याला तर न्यूमोनिया झालेला होता. तो बेशुद्ध झाला आणि ९ तारखेला गेला, वय ३९. 'अठरा व्हिस्की प्यालो' ही त्याची बढाई सगळ्यांना पाठ, न्यूमोनिया कुणाच्या ध्यानात नाही.

पिऊन पडलेल्याला डाव्या कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी श्वासनलिकेत जाते. हाक मारून, चिमटा काढून बघा. उठत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८. 'झोपू दे, उतरेल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दवाखान्यात किती प्याला, कधीपासून, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे खरं सांगा. संमेलनाच्या अब्रूचं नंतर बघता येईल. खोलीतली गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्या.