खानदेशातल्या गावात पांढरं जाण्याचा अभ्यास कसा करावा

‘आपणांस श्वेतप्रदराचा त्रास आहे काय?’ असा प्रश्न छापलेली प्रश्नावली घेऊन पथक चोपड्याच्या किंवा साक्रीच्या खेड्यात गेलं, तर बहुतेक बाया ‘नाही’ म्हणतील. त्या खोटं बोलत नसतात. तो शब्द त्यांचा नसतो. हेच अहिराणीत ‘पांढरं पानी जास का?’ असं विचारलं, तर उत्तर वेगळं येतं. रावेर-यावलकडच्या लेवा घरांत पुन्हा वेगळी बोली आणि धडगाव-अक्कलकुव्यात पावरी किंवा भिली. म्हणून अभ्यासाची सुरुवात प्रयोगशाळेपासून करू नका, शब्दांपासून करा.

तपासणी करायची की नुसतं विचारायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या २ गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली. ते काम १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तक्रार ५५ टक्के बायकांनी सांगितली होती, तपासणीत मात्र ९२ टक्के बायकांमध्ये काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. उलटी बाजूही तितकीच खरी आहे. पांढरं जातं म्हणणाऱ्या कित्येक बायकांच्या काचपट्टीवर जंतुसंसर्ग सापडत नाही. तिथे थकवा, चिंता, घरातला जाच अंगावरून जाण्याच्या तक्रारीतून बोलत असतो, आणि गोव्यात झालेल्या अभ्यासाने हा धागा नीट दाखवला आहे. तेव्हा ‘तक्रार’ आणि ‘आजार’ हे दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही घ्या आणि शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

परवानगी आणि वय

आचारसंहिता समितीची (संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना, हे तपासणाऱ्या समितीची) मान्यता हातात येईपर्यंत एकाही घरात पाऊल टाकू नका. धुळे, जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्वतःची समिती नसलेल्या संस्थेने नोंदणी असलेल्या दुसऱ्या समितीकडे जावं. अर्ज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून लिहावा. संमतीपत्र मराठीत असावं आणि तिच्या बोलीत वाचून दाखवावं. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा. त्या वेळी पथकाबाहेरची साक्षीदार हजर हवी.

वयाची खालची मर्यादा १८ पूर्ण ठेवा. अठराखालच्या मुलीला शरीरसंबंधाबद्दल विचारलं आणि तिने ‘हो’ म्हटलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांत कळवणं बंधनकारक होतं, मग तिचं लग्न झालेलं का असेना. ‘गुप्त ठेवू’ हा शब्द तुम्ही तिला देऊच शकत नाही. जो शब्द पाळता येणार नाही, तो द्यावा लागेल असा प्रश्नच विचारू नये.

किती बाया लागतील

समजा, आजाराचं प्रमाण २० टक्के असेल असा अंदाज आहे आणि इकडे-तिकडे ५ टक्क्यांची चूक चालणार आहे. ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठी ठरलेला आकडा) × २० × ८० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे २४६. गावं निवडून, मग गावातून बाया निवडायच्या असल्याने एका गावातल्या बाया एकमेकींसारख्या असतात. त्यासाठी दीडपट करा: ३६९. शंभरातल्या २० नकार देतील किंवा भेटणार नाहीत असं धरा. इथे हमखास चूक होते. लोक ३६९ मध्ये २० टक्के मिळवतात आणि ४४३ वर थांबतात. पण ४४३ मधून २० टक्के वजा केले की उरतात ३५४, म्हणजे १५ कमी. मिळवायचं नाही, ०.८ ने भागायचं. उत्तर ४६२ येतं. ३० गावं घेतली तर गावामागे १६, एकूण ४८०.

गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा. गाव म्हणजे पाडे आणि वस्त्यासुद्धा. रस्त्याच्या कडेची आळी आणि सरपंचाच्या घराजवळची घरं घेऊन परत येणाऱ्या पथकाचा आकडा कितीही नेटका दिसला, तरी तो गावाचा नसतो.

कोणत्या महिन्यात

पूर्ण मोकळा महिना खानदेशात नाहीच. दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, चाळीसगावकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात निघतात. त्याच वेळी कापूस वेचणी जोरात असते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत तपासणी करणं म्हणजे बाईला शिक्षा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि गावच्या सुना त्यांच्या माहेरी गेलेल्या असतात. त्या आठवड्यात केलेली घरयादी सपशेल चुकते.

आमच्या मते श्रावण बरा. मजूर गावात असतात, आणि पावसाने निंदणी थांबली की बाया घरी सापडतात. कानबाई देवीच्या उत्सवाचा रविवार-सोमवार मात्र सोडा. सातपुड्यातल्या पाड्यांचे रस्ते तुटतात, वीज जाते. त्यामुळे बॅटरीवर चालणारा एलईडी दिव्याचा सूक्ष्मदर्शक न्या. महिना कोणताही असो, यादीत नाव घालण्याचा नियम एकच ठेवा: गेले ६ महिने याच चुलीवर जेवणारी. माहेरी आलेली लेक गणायची नाही, माहेरी गेलेली सून गणायची आणि परत येईल तेव्हा गाठायची.

विचारायचं कसं

मुलाखत घेणारी बाईच हवी, आणि ती त्या गावची नको. आशाताईंशिवाय एकही दार उघडणार नाही. म्हणून त्यांनी घर दाखवावं, ओळख करून द्यावी आणि मग उठावं. भाऊबंदकीतल्या, शेजारच्या बाईसमोर कोण बोलेल?

सासू उठत नाही, हा रोजचा अनुभव येणार. तिला बाहेर जा म्हणू नका. दुसऱ्या कार्यकर्तीने ओट्यावर तिचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासावं, तब्येतीची चौकशी करावी. त्यात १५-२० मिनिटं जातात आणि तिलाही काही मिळतं. तरीही खासगी जागा मिळाली नाही, तर नाजूक प्रश्न सोडा, प्रश्नावलीवर ‘एकांत नव्हता’ अशी खूण करा आणि तपासणीच्या दिवशी ते प्रश्न विचारा. कोणी ऐकत असताना मिळालेलं ‘नाही’ नोंदवणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

सुरुवात मुलं, बाळंतपणं, पाळी इथून करा. ‘पिशवी (गर्भाशय) आहे की काढली?’ हा प्रश्न लवकर घ्या. ‘अंग बाहेर येतं का?’ हेही विचारा, कारण ते आपणहून कोणी सांगत नाही. पांढऱ्याबद्दल एकाच प्रश्नावर थांबू नका: रंग कसा, वास येतो का, खाज सुटते का, कपडा घ्यावा लागतो का, लघवीला आग होते का, नेहमीपेक्षा वेगळं वाटतं का. दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव येतो, तो निरोगी असतो. एवढं तिला तिथल्या तिथे सांगा. निम्मी भीती तेवढ्याने जाते.

‘गेल्या तीन महिन्यांत’ हे शब्द कागदावरचे आहेत. श्रावणात विचारत असाल तर ‘आखाजीनंतर’ म्हणा.

प्रश्नावली बोलीत केली की, मूळ मराठी न पाहिलेल्या बाईकडून ती परत मराठीत आणा. जिथे अर्थ हलला तिथे शब्द बदला. मग अभ्यासात नसलेल्या गावातल्या १० बायांवर वापरून पाहा. पावरी भागात दुभाषी नको, पावरी बोलणारीच मुलाखतकार शोधा.

तपासणीची खोली

उपकेंद्र किंवा शाळेची खोली चालेल. दाराला आतून कडी हवी, खिडकीला पडदा हवा, आणि टेबल असं ठेवा की बाईचे पाय दाराच्या उलट दिशेला राहतील. फलकावर ‘आरोग्य तपासणी’ एवढंच लिहा. तपासणारी स्त्री डॉक्टर. पाळी चालू असेल तर रक्त थांबून २-३ दिवसांनी बोलवा. आधीच्या ४८ तासांत संबंध किंवा योनीतली गोळी नको. गेल्या २ आठवड्यांत प्रतिजैविकं घेतली असतील तर नोंद करा. अविवाहित मुलीला स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहण्याचं साधन) लावू नका. तिला हवं असेल तर तिने स्वतःच कापसाची काडी साधारण ५ सेंटिमीटर आत नेऊन १०-१५ सेकंद फिरवून द्यावी.

१६ बायांसाठी २० कस्को स्पेक्युलम: ४ लहान, १२ मध्यम, ४ मोठे. वापरलेलं स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं बुडवावं, म्हणजे १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आणि हे पाणी रोज ताजं. जास्त वेळ ठेवलं तर स्टीलला खड्डे पडतात. मग ब्रशने घासून, बिनगुंडाळलेलं असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने २० मिनिटं.

आधी लघवी करून यायला सांगा. स्पेक्युलम कोमट पाण्याने ओलं करा. जेली लावली की आम्लतेचा आकडा बिघडतो. पुढचं प्रत्येक पाऊल आधी सांगा, आणि ती ‘थांबा’ म्हणाली की थांबा.

नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव, रक्त किंवा वीर्य मिसळलं तर पीएच, म्हणजे तो आम्लतेचा आकडा, वर जातो आणि निरोगी बाई आजारी ठरते. पीएचची पट्टी ४ ते ७ मधली, अर्ध्या-अर्ध्या फरकाची हवी. १ ते १४ ची पट्टी ४.५ आणि ५ मधला फरक दाखवत नाही, आणि आपला सगळा निर्णय तिथेच असतो. पावसाळ्यात पट्ट्या दमट होतात, म्हणून डबी घट्ट बंद ठेवा. पाळी कायमची गेलेल्या बायकांचा पीएच एरवीही ४.५ च्या वर असतो. त्यांचा हिशेब वेगळा मांडा.

काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा १ थेंब, दुसऱ्या बाजूला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १ थेंब. पोटॅशच्या थेंबात स्राव मिसळताच माशासारखा वास आला तर लगेच लिहा, तो क्षणभरच टिकतो. दोन थेंब एकमेकांत जाऊ देऊ नका, पोटॅशने ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा एकपेशी परजीवी) मरतो. सलाइनची बाजू १० मिनिटांच्या आत पाहा. ट्रायकोमोनास ओळखायचा त्याच्या हालचालीवरून, आणि थंडीत किंवा सुकल्यावर तो निपचित पडतो, मग पू-पेशीपासून वेगळा काढता येत नाही. सलाइनची छोटी बाटली एप्रनच्या खिशात ठेवली तर ती कोमट राहते. कंडेन्सर (सूक्ष्मदर्शकाचं प्रकाश एकवटणारं भिंग) खाली करून आधी १० च्या, मग ४० च्या भिंगाने पाहा. सूक्ष्मदर्शक तालुक्याला आणि नमुने गावातून, ही मांडणी करूच नका.

जंतुजन्य योनिदाहासाठी ॲमसेल कसोटीच्या ४ पैकी ३ खुणा लागतात: पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वर पीएच, माशासारखा वास, आणि ५ पेशींमागे निदान १ ‘क्लू सेल’ (जंतू चिकटून कडा धूसर झालेली पेशी). शिवाय दुसरी काचपट्टी ग्रॅम रंगासाठी (जंतूंचे प्रकार ओळखायच्या रंगासाठी) करा. काडी घासू नका, हलकेच लोळवा. हवेत सुकवून मेथेनॉलने पक्की करा. हजारपट मोठं करून, दिसलेल्या जंतूंच्या प्रकारांवरून न्युजंट गुण देतात: ० ते ३ निरोगी, ४ ते ६ मधले, ७ ते १० आजार. क्रमांक पट्टीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलने लिहा. पेनची शाई रंगाच्या वेळी अल्कोहोलने धुऊन जाते आणि मागे बिननावाच्या पट्ट्यांचा ढीग उरतो. १० टक्के पट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाने पहिला निकाल न बघता पुन्हा वाचाव्यात.

गर्भाशयाच्या तोंडावर वाढ दिसली किंवा हात लावताच रक्त आलं, तर तिच्यापुरता अभ्यास संपला असं समजा आणि त्याच आठवड्यात तिला जिल्ह्याला पोचवा. चिठ्ठी देऊन भागत नाही, सोबत माणूस द्या.

औषध त्याच दिवशी

ओली काचपट्टी तिथेच वाचून होते, म्हणून औषधही तिथेच द्यायचं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या रंगीत किटमधलं हिरवं किट योनिदाहासाठी आहे: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी बोलून साठा निश्चित करा. पाळी चुकली असेल तर आधी लघवीची गर्भतपासणी करा. गर्भ असेल तर हे किट नाही, डॉक्टरच वेगळं औषध ठरवतील. नमुना घ्यायचा आणि उपचाराला ‘तालुक्याला जा’ म्हणायचं, असं वागणारं पथक पुढच्या दहा पथकांची दारं बंद करतं.

ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं. पण ते त्याला कोण आणि कसं सांगणार, हे आधी तिलाच विचारा. मार खाण्याची भीती दिसली तर घाई करू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी केंद्र (हिंसा सोसणाऱ्या बायांसाठीचं मदत केंद्र) यांची माहिती तिला तोंडी द्या, कागद घरात सापडतो.

कागद आणि निकाल

नाव आणि क्रमांकाची यादी एका कुलपात, प्रश्नावल्या दुसऱ्या. आकडेमोडीत पिशवी काढलेल्या बाया गाळू नका, त्यांची वेगळी ओळ करा. ऊसतोडीच्या पट्ट्यात ती ओळच महत्त्वाची निघू शकते. नकार दिलेल्यांचं वय आणि शिक्षण घरयादीतून घेऊन तपासलेल्यांशी ताडून पाहा. तक्रार असलेल्याच जास्त आल्या असतील, तर तुमचा टक्का फुगलेला आहे आणि तसं अहवालात लिहावं लागेल. ४० घरांच्या पाड्याचं नाव अहवालात घालू नका. ‘एका पाड्यात ३ विधवांना’ असं लिहिलं, तर त्या कोण हे सगळ्या तालुक्याला कळतं.

ग्रॅम रंगाचे निकाल क्रमांकाच्या बंद कार्डावर, ज्या कार्यकर्तीने मुलाखत घेतली तिनेच, हातात द्यायचे. गावाचा एकत्रित आकडा बायकांच्या बैठकीत सांगायचा, त्यांच्या बोलीत, आणि तोही दिवाळीआधी, कारण त्यानंतर निम्म्या घरांना कुलूप असेल.