प्रिंट अडकली? आधी रांग बघा

जुलै संपत आला की फोर्टातल्या सीए ऑफिसांत एकाच प्रिंटरवर सात-आठ जण तुटून पडतात. कागद आला नाही की जो तो पुन्हा प्रिंट दाबतो, आणि प्रिंटर शुद्धीवर आला की एकाच रिटर्नच्या पाच-पाच प्रती बाहेर पडतात. म्हणून दुसऱ्यांदा प्रिंट द्यायच्या आधी रांग, म्हणजे छपाईसाठी थांबलेल्या कामांची यादी, उघडा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे प्रिंटर निवडून ओपन प्रिंट क्यू.

बहुतेक वेळा सगळ्यात पुढचं काम ‘एरर’ दाखवत असतं आणि बाकीची त्याच्यामागे खोळंबलेली असतात. तेवढं एकच कॅन्सल करा. दुसऱ्याचं काम रद्द होत नसेल तर ती परवानगी तुम्हाला दिलेली नाही; ज्याचं काम त्यालाच सांगा.

रांग कुठल्या मशीनवर आहे हेही बघून घ्या. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमध्ये थेट प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) असेल तर रांग तुमच्याच पीसीवर. प्रिंटर दुसऱ्या पीसीवरून शेअर केलेला असेल तर रांग त्या पीसीवर, आणि तो बंद करून कोणी ८:०२ ची लोकल पकडली की सगळ्यांचं काम ठप्प.

काम ‘डिलीटिंग’वरच अडकलं तर पीसी रीस्टार्ट करून अनेकदा उपयोग होत नाही, कारण फाइल डिस्कवर तशीच राहते. विंडोजमधलं सर्व्हिसेस उघडून ‘प्रिंट स्पूलर’ (रांग सांभाळणारी सेवा) स्टॉप करा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरपर्यंत जा. आतल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली, म्हणजे अडकलेली कामं, उडवा. फोल्डरला हात लावू नका. मग स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. शेअरिंगवाल्या पीसीवर हे केलं तर सगळ्यांची कामं जातात, तेव्हा आधी ऑफिसात एक हाक मारा.

रांग रिकामी झाली तरी चित्रविचित्र अक्षरांची पानं येतच राहिली तर उरलेला डेटा प्रिंटरच्या मेमरीत आहे. पॅनलवरून कॅन्सल करा, नाहीतर प्रिंटर अर्धा मिनिट बंद ठेवा. पण आधी रांग साफ, मग स्विच. उलट केलंत तर पीसी तेच काम परत पाठवतो.

प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसतो? राउटर रीस्टार्ट झाल्यावर डीएचसीपीने (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेने) प्रिंटरला नवा पत्ता दिलेला असू शकतो. प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा आणि त्यावरचा पत्ता पोर्टशी ताडून बघा. वेगळा निघाला तर पोर्ट दुरुस्त करा आणि राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राची न बदलणारी ओळख) तो आयपी राखून ठेवा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला हेच. पत्ता जुळूनही ऑफलाइनच असेल तर कॉन्फिगर पोर्टमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची सोय) खूण काढून बघा.